हिस्पॅनिक व्यावसायिकांसाठी प्रादेशिक व्यापारी संघटनेने नेमके काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील एका काउंटीच्या व्यापारी संघटनेच्या कार्यकारिणीवर आपली निवड झाली आहे. गावच्या बाजारपेठेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, मालकांची दुकाने जिकडेतिकडे दिसतात, परंतु संघटनेच्या सभासदांच्या यादीत ती नावे मोजकीच आहेत. संघटना दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या हिस्पॅनिक वारसा महिन्यात एक भोजन समारंभ करते, आणि यंदा त्याला जोडून केवळ हिस्पॅनिक मालकांसाठी एक छोटे अनुदान सुरू करावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीसमोर आला आहे. त्या प्रस्तावाला पाठिंबा द्यावा का, त्याऐवजी दुसरे काय करता येईल, आणि स्पॅनिश न येणाऱ्या भारतीय माणसाने या कामात पुढाकार घ्यावा का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. याच खोऱ्यात लहान व्यावसायिकांना कर्ज, परवाने आणि भाडेकरार यांबाबत सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

आधी अनुदानाविषयी, कारण तिथे केलेली घाई महागात पडेल. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये प्रस्ताव २०९ मंजूर केला. त्यानुसार सरकारी नोकरी, सरकारी शिक्षण आणि सरकारी कंत्राटे यांत वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देता येत नाही. २०२० मध्ये ही तरतूद रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि तो फेटाळला गेला. आपली संघटना खासगी आहे, त्यामुळे ही तरतूद तिला थेट लागू होत नाही, हे खरे. पण अनुदानात शहराचे किंवा काउंटीचे पैसे मिसळले की प्रश्न उभा राहतो. निव्वळ खासगी पैशांतून अनुदान दिले तरी १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेले कलम १९८१ आड येते, कारण करार करण्याच्या हक्कात वंशावरून भेद करण्यास ते मनाई करते. जून २०२४ मध्ये अटलांटाच्या अपील न्यायालयाने ‘फिअरलेस फंड’ या संस्थेची केवळ कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठीची अनुदान स्पर्धा याच कलमाच्या आधारे थांबवली, आणि त्या संस्थेने पुढे तडजोड करून ती बंद केली. तो निकाल कॅलिफोर्नियातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, तरीही तो हाताशी धरून दावा लावणारे कोणी निघालेच, तर आपल्यासारख्या संघटनेचे वर्षाचे अंदाजपत्रक वकिलाच्या पहिल्या दोन बिलांतच संपेल.

सरकारी योजनांची दिशाही तीच आहे. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने लघुउद्योग प्रशासनाच्या, म्हणजे एसबीएच्या ८(ए) या, वंचित गटांतील व्यावसायिकांना सरकारी कंत्राटे मिळवून देणाऱ्या योजनेतील ‘अमुक समाजाचा अर्जदार सामाजिकदृष्ट्या वंचित मानला जाईल’ हे गृहीतक वापरण्यास मनाई केली. तेव्हापासून अर्जदाराला स्वतःवर आलेल्या अडचणींचे कथन लेखी द्यावे लागते. मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने अल्पसंख्याक व्यवसाय विकास संस्थेबाबत तसाच निकाल दिला. या निकालांविषयी आपले मत काहीही असो, संघटनेने योजना आखताना ते गृहीत धरले पाहिजेत.

म्हणून माझा सल्ला असा की, मदत समाज पाहून न आखता अडथळा पाहून आखावी. ज्याचा व्यवहार इंग्रजीत होत नाही, ज्याच्याकडे पाचाहून कमी माणसे कामाला आहेत, ज्याला गेल्या दोन वर्षांत बँकेने कर्ज नाकारले आहे, जो पहिल्यांदाच गाळा भाड्याने घेतो आहे, अशा अटी ठेवल्या तर आपल्या काउंटीत लाभार्थी बहुतांशी हिस्पॅनिकच असतील, आणि त्यांच्याबरोबर एखादा ह्मोंग, म्हणजे आग्नेय आशियातून आलेल्या समाजाचा, शेतकरी किंवा पंजाबी ट्रकवालाही येईल. ही पळवाट नव्हे. खऱ्या अडचणी तिथेच आहेत. अनुदानाच्या रकमेतून दुकानदाराचे एक-दोन महिन्यांचे भाडे निघते. पण ज्या कागदावर सही केल्यामुळे ते भाडे त्याला परवडेनासे झाले, तो कागद तसाच राहतो.

भाडेकरारापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तिथे असते. नमुन्यादाखल पनादेरिया, म्हणजे मेक्सिकन पाव-बिस्किटांची बेकरी, घ्या. मालक पहाटे तीनला भट्टी पेटवतो, दुपारी दोनला दुकान पत्नीकडे सोपवतो आणि झोपतो. गाळ्याचा मालक त्याच्याशी स्पॅनिशमध्ये गोड बोलून महिना अठराशे डॉलर भाडे ठरवतो आणि चाळीस पानांचा इंग्रजी करार पुढे ठेवतो. त्या करारात मालमत्ता कर, विमा आणि सामायिक जागेची देखभाल हे तिन्ही खर्च भाडेकरूवर टाकलेले असतात. वर्षअखेरीला ‘हिशेबाची जुळवणी’ म्हणून काही हजार डॉलरचे बिल येते, आणि पार्किंगच्या नव्या डांबरीकरणाचा आपल्या भट्टीशी काय संबंध, हे बेकरीवाल्याला काही केल्या उमगत नाही. शिवाय करारावर वैयक्तिक हमी असते, म्हणजे दुकान बंद पडले तरी देणे त्याच्या घरापर्यंत येते.

या बाबतीत कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक चांगला कायदा लागू झाला आहे. एसबी ११०३ (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटचे विधेयक) या नावाने तो मंजूर झाला. मालकासह पाच किंवा त्याहून कमी माणसे असलेले सूक्ष्म व्यवसाय, दहाहून कमी कर्मचारी असलेली उपाहारगृहे आणि वीसहून कमी कर्मचारी असलेल्या ना-नफा संस्था यांना त्याने थोडे संरक्षण दिले. महिन्याच्या बोलीवर असलेल्या भाडेकरूचे भाडे वर्षभरात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचे असेल, तर नव्वद दिवस आधी सूचना द्यावी लागते. देखभालीचा खर्च वाटून घेताना तो कसा वाटला, याचे कागद मागता येतात. आणि करार मुख्यतः स्पॅनिशमध्ये बोलून ठरला असेल, तर त्याचे स्पॅनिश भाषांतर देणे मालकावर बंधनकारक आहे. चिनी, टागालोग, व्हिएतनामी आणि कोरियन भाषांनाही हाच नियम आहे. मात्र या कायद्यात एक मेख आहे. आपण पात्र भाडेकरू आहोत, असे भाडेकरूने स्वतः लेखी कळवावे लागते आणि ते दरवर्षी पुन्हा कळवावे लागते. ते पत्र दिले नाही, तर संरक्षण नाही. माझ्या पाहण्यातील बहुतेक दुकानदारांना कायदा झाल्याचेच माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांनी पत्र दिलेले नाही.

इथे संघटनेला करण्यासारखे काम अगदी सरळ आहे. वकिलाकडून एकदाच एका पानाचे द्विभाषिक पत्र तयार करून घ्यावे, बाजारपेठेतील प्रत्येक दुकानात माणूस पाठवून ते भरून घ्यावे, पोचपावतीसह मालकाला पाठवावे आणि दरवर्षी ठरलेल्या महिन्यात त्याची आठवण करावी. भोजन समारंभाच्या खर्चाच्या एका हिश्श्यात हे होते.

दुसरा कागद कर्जाचा. बँकेने नकार दिला की दुकानदार ‘विक्रीवर उचल’ देणाऱ्या कंपनीकडे जातो. फोनवर स्पॅनिश बोलणारा गोड आवाज असतो, जामीन मागत नाहीत, दोन दिवसांत पैसे खात्यात जमा होतात. समजा, चाळीस हजार डॉलर घेतले आणि ‘फॅक्टर’, म्हणजे परतफेडीचा गुणक, १.३५ आहे. म्हणजे चौपन्न हजार परत करायचे. रोज तीनशे डॉलर खात्यातून आपोआप वळते होतात, एकशेऐंशी कामाच्या दिवसांत फेड पूर्ण होते. दुकानदार हे पस्तीस टक्के व्याज समजतो. प्रत्यक्षात मुद्दल रोज कमी होत असल्याने वार्षिक दर ८५ टक्क्यांच्या वर जातो. कॅलिफोर्नियाच्या एसबी १२३५ या २०१८ च्या कायद्याखालील नियम डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाले, आणि पाच लाख डॉलरपर्यंतच्या व्यावसायिक वित्तपुरवठ्यात हा वार्षिक दर अंदाजाने का होईना, कागदावर दाखवणे सक्तीचे झाले. म्हणून माझ्याकडे कोणी असा करार घेऊन आला की मी आधी त्याच्याकडून तो उघडीकरणाचा कागद मागतो. तो दिलेलाच नसेल, तर राज्याच्या वित्तीय संरक्षण विभागाकडे तक्रार करता येते. आणि दिला असेल, तर निदान दुसरी उचल घेण्याआधी दुकानदार तो आकडा डोळ्यांनी पाहतो. पहिली उचल फेडायला दुसरी आणि दुसरी फेडायला तिसरी, या चक्रात सापडलेला माणूस बाहेर काढणे फार अवघड असते.

याला पर्याय काय, असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९९४ मध्ये समुदाय विकास वित्तसंस्थांसाठी निधी उभारला. त्या निधीच्या मान्यतेच्या संस्था बँकेपेक्षा थोडा जास्त दर लावतात, पण सोबत माणूस देतात, आणि त्यांपैकी कित्येक सामाजिक सुरक्षा क्रमांकाऐवजी करदात्याच्या आयटीआयएन क्रमांकावरही कर्ज देतात. ‘किवा’ (Kiva) या संस्थेकडून पंधरा हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळते. एसबीएच्या हमीच्या कर्जांत मात्र २०२५ पासून मालकांच्या नागरिकत्वाच्या आणि रहिवासाच्या अटी कडक करण्यात आल्या आहेत, आणि त्या बदलत राहतात. भागीदारांपैकी एकाचे कागदपत्र वेगळे असले तरी सगळा अर्ज अडतो, म्हणून तारीख पाहून ताजा नियम वाचल्याशिवाय कोणालाही त्या दारात पाठवू नये.

बँकांशी बोलताना संघटनेच्या हाती एक जुने हत्यार आहे, आणि ते फारसे कोणी वापरत नाही. १९७७ च्या समुदाय पुनर्गुंतवणूक कायद्यानुसार बँकेने आपल्या परिसरातील कमी उत्पन्नाच्या वस्त्यांना व लहान व्यवसायांना कितपत कर्ज दिले, याची नियामक वेळोवेळी तपासणी करतात. कोणीही त्याबाबत बँकेला लेखी अभिप्राय देऊ शकतो, आणि तो अभिप्राय बँकेला आपल्या सार्वजनिक फायलीत ठेवावा लागतो. संघटनेने आधी भांडण काढू नये. आपल्या सभासदांपैकी किती जणांनी अर्ज केले, किती नाकारले गेले, कोणत्या कागदासाठी अडले, याची वर्षभर नोंद ठेवावी आणि ती घेऊन शाखाधिकाऱ्याला भेटावे. तपासणीचे वर्ष जवळ आले की असल्या भेटींना वेळ मिळतो, हा माझा अनुभव आहे.

आता बाजू मांडण्याच्या कामाकडे वळतो. या विषयात वॉशिंग्टनचे आकर्षण फार असते. तिथे १९७९ मध्ये स्थापन झालेले अमेरिकेचे हिस्पॅनिक चेंबर ऑफ कॉमर्स आहे, राज्य पातळीवर कॅलिफोर्नियाच्या हिस्पॅनिक चेंबरांचा महासंघ आहे. संघीय प्रश्न त्यांच्यावर सोपवावेत आणि त्यांना गावातील पुरावा पुरवावा. असा पुरावा किती कामाला येतो, ते करोनाच्या काळात दिसले. लहान व्यवसायांना पगार देता यावेत म्हणून संघीय सरकारने आणलेल्या वेतन संरक्षण कर्जाचे ३४९ अब्ज डॉलर ३ एप्रिल २०२० ला वाटायला सुरुवात झाली आणि १६ एप्रिलला संपले. बँकांनी आपल्या जुन्या ग्राहकांना आधी बसवले, आणि एकट्याने धंदा करणाऱ्यांना तर अर्जच १० एप्रिलपासून करता येत होता. त्यातही त्यांच्या कर्जाची रक्कम निव्वळ नफ्यावरून काढली जात होती. खर्च वजा जाता कागदावर नफा जवळजवळ शून्य उरणारा माळी, रंगारी किंवा ट्रकवाला त्यामुळे कर्जाबाहेर राहिला. लहान व्यावसायिकांच्या संघटना आणि समुदाय वित्तसंस्था ही तक्रार सतत मांडत राहिल्या, आणि मार्च २०२१ मध्ये एसबीएने निव्वळ नफ्याऐवजी एकूण उत्पन्न धरण्याची मुभा दिली. आधी कर्ज घेतलेल्यांना मात्र ती मागाहून लागू केली नाही. एका ओळीच्या दुरुस्तीने जे साधले, ते कितीही सत्कार समारंभांनी साधले नसते, आणि ती दुरुस्ती वर्षभर आधी झाली असती तर किती दुकाने वाचली असती, हा विचार आजही मनातून जात नाही.

पण आपल्या संघटनेचे खरे मैदान नगर परिषद आणि काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ हेच आहे. परवाना शुल्क, पाट्यांचे नियम, रस्ता खोदण्याचे वेळापत्रक, फिरत्या विक्रेत्यांच्या जागा, हे सगळे तिथे ठरते. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा प्रश्न तर उदाहरण म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसमध्ये अनेक वर्षे विक्रेत्यांवर फौजदारी गुन्हे दाखल होत. विक्रेत्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि १ जानेवारी २०१९ पासून एसबी ९४६ हा राज्यव्यापी कायदा लागू झाला. त्यानुसार पदपथावर विक्री करणे हा गुन्हा राहिला नाही, आणि शहरांना घालायचे निर्बंध आरोग्य, सुरक्षितता व सार्वजनिक हित यांच्याशी जोडलेले असावे लागतात. कायदा झाला, तरी तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) किंवा कापलेली फळे विकणाऱ्या बाईला त्याचा लगेच उपयोग झाला नाही, कारण अन्नाचा परवाना काउंटीचा आरोग्य विभाग देतो आणि त्याचे नियम मोठ्या फूड ट्रकच्या हिशेबाने लिहिलेले होते. तिच्या छोट्या गाडीला तीन कप्प्यांचे बेसिन बसणार कुठे? तो अडथळा कमी करण्यासाठी एसबी ९७२ हा वेगळा कायदा करावा लागला. तो २०२३ च्या सुरुवातीला लागू झाला. म्हणून एक कायदा मंजूर झाला की फटाके फोडू नयेत. पुढच्या खिडकीवर काय अडते, ते पाहायला विक्रेत्याबरोबर स्वतः जावे.

आपल्या संघटनेतच याला विरोध होईल, याची तयारी ठेवा. भाडे भरून बसलेला उपाहारगृहवाला फिरत्या गाडीवर चिडलेला असतो, आणि तो गाडीवालाही हिस्पॅनिक, हाही हिस्पॅनिक. दोघांचे म्हणणे रास्त असू शकते. अशा वेळी संघटनेने कोणाची बाजू घ्यावी, याऐवजी दाराजवळ किती फुटांत गाडी नसावी, कचरा कोणी उचलावा, शौचालय कोणी वापरू द्यावे, अशा मुद्द्यांवर दोघांना एका टेबलाशी बसवून जमेल तेवढे लेखी करून घ्यावे आणि तेवढेच परिषदेपुढे न्यावे.

परिषदेत बोलण्याविषयी एक बारकावा सांगतो, कारण तो माहीत नसल्याने माणसे गप्प बसतात. कॅलिफोर्नियात सार्वजनिक सभांना ब्राउन कायदा लागू आहे. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि नागरिकांना बोलू द्यावे लागते. बोलण्याला वेळेची मर्यादा घातली असेल, तर दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. त्याच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा सभागृहात असेल, तेवढा अपवाद. मी असे दुकानदार पाहिले आहेत की, जे तीन मिनिटांत दुभाष्यासह काय बोलणार म्हणून उठून गेले. त्यांना सहा मिनिटे मिळाली असती. संघटनेने पात्र दुभाष्या सोबत न्यावा. मालकाच्या शाळकरी मुलीला पुढे करू नये, कारण मग ऐकणाऱ्यांचे लक्ष मुद्द्यावरून मुलीच्या कौतुकाकडे जाते. आणि स्पॅनिश म्हणजे सगळे झाले, असेही समजू नका. आपल्या खोऱ्यात मेक्सिकोतील ओआहाका राज्यातून आलेली अनेक कुटुंबे घरी मिश्तेको ही तिथली मूळ आदिवासी भाषा बोलतात, आणि त्यांच्यासाठी स्पॅनिशही दुसरीच भाषा असते.

सरकारी खरेदीत भारतीय वाचकाची अपेक्षा वेगळी असते, म्हणून थोडा खुलासा करतो. पुण्यात २००५ मध्ये स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबरने, म्हणजे डिक्कीने, अमेरिकेतील अल्पसंख्याक व्यवसायांना पुरवठ्यात वाटा देण्याच्या प्रयोगांकडे लक्ष देऊन पाहिले होते, आणि भारताच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचे उद्दिष्ट आले. प्रस्ताव २०९ मुळे कॅलिफोर्नियाच्या शहरात आज तसे उद्दिष्ट ठेवता येणार नाही. पण व्यवसायाच्या आकारावर प्राधान्य चालते. राज्याच्या सामान्य सेवा विभागाकडून ‘लहान व्यवसाय’ म्हणून प्रमाणपत्र घेतले, तर राज्याच्या निविदेत पाच टक्के सवलत मिळते, आणि अडीच लाख डॉलरच्या आतील बऱ्याच कामांत पूर्ण निविदा न काढता दोन प्रमाणित लहान व्यवसायांकडून दरपत्रक मागवून काम देता येते. प्रमाणपत्राला शुल्क नाही. तरीही आपल्या भागातील सफाई, छपाई, गणवेश, बागकाम आणि जेवण पुरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते घेतले आहे. खासगी वीज कंपन्यांची गोष्ट वेगळी. वीज, गॅस अशा सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाच्या आदेश १५६ खाली त्या वैविध्यपूर्ण, म्हणजे अल्पसंख्याक, महिला अशा मालकांच्या, पुरवठादारांकडून केलेल्या खरेदीचा अहवाल देतात, आणि मध्य खोऱ्यात त्यांची कामे मोठी असतात.

शहराच्या बाबतीत सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली एक साधा अर्ज करा: गेल्या दोन वर्षांत निविदेच्या मर्यादेखालील खरेदी कोणाकडून आणि किती झाली? अर्जातील नोंदी देता येतील की नाही, हे शहराला साधारण दहा दिवसांत कळवावे लागते. यादी हाती आली की, सभागृहातील सँडविचेसही दुसऱ्या काउंटीतून येतात, असे काहीतरी निघतेच. असा एक तक्ता परिषदेपुढे ठेवला की भाषणाची गरज उरत नाही. मात्र आधी स्वतःच्या संघटनेचा तक्ता काढा. भोजन समारंभाचे जेवण, छपाई, ध्वनियंत्रणा आपण कोणाकडून घेतो, हे कोणी विचारण्याआधी माहीत असलेले बरे.

संघटनेच्या रचनेबाबत दोन गोष्टी वकिलाकडून तपासून घ्या. आपली संघटना करकायद्याच्या ५०१(सी)(६) प्रकारातील, म्हणजे करमुक्त व्यापारी संघटना, असणार. तिला कायदेविषयक पाठपुरावा करण्यावर मर्यादा नाही, पण तिला दिलेली देणगी धर्मादाय म्हणून करातून वजा होत नाही, आणि वर्गणीचा जो भाग अशा पाठपुराव्यावर खर्च होतो, तो सभासदाला खर्च म्हणून दाखवता येत नाही. तसे सभासदाला कळवावेही लागते. प्रशिक्षण, भाषांतर, कर्जासाठी मदत या कामांना प्रतिष्ठानांचे पैसे हवे असतील, तर सोबत ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय, प्रतिष्ठान काढावे आणि दोन्ही खाती व कर्मचाऱ्यांच्या वेळेच्या नोंदी अगदी वेगळ्या ठेवाव्यात. उमेदवारांना पाठिंबा देण्यापासून मात्र दोन्ही दूर ठेवा.

सभासद का येत नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा घड्याळात असते. सकाळी साडेसातच्या न्याहारी बैठकीला बेकरीवाला, उपाहारगृहवाला आणि ठेकेदार तिघेही येऊ शकत नाहीत. सोमवारी दुपारी तीनला, कोणाच्या तरी बंद उपाहारगृहात बैठक ठेवून पाहा. निरोप ईमेलने न पाठवता व्हॉट्सॲपवर आवाजी संदेशाने पाठवा. वर्षाची वर्गणी एकदम मागण्याऐवजी महिन्याला घ्या. आणि पहिला मोठा खर्च कार्यक्रमावर न करता एका द्विभाषिक पूर्णवेळ माणसावर करा. तो माणूस दिवसभर कार्यालयात दिसला, तर समजा काम चुकते आहे. त्याने दुकानोदुकानी फिरले पाहिजे. गावात हिस्पॅनिक चेंबर आधीच असेल, तर त्याचे सभासद पळवू नका. एका वर्गणीत दोन्हींचे सभासदत्व, असा करार करा.

गेल्या दीड-दोन वर्षांत एक विषय टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. इमिग्रेशन खात्याच्या कारवाईच्या बातमीने, कधी नुसत्या अफवेने, बाजारपेठ दिवसभर ओस पडते. संघटनेने इथे घोषणा करण्यापेक्षा कागद द्यावेत. आय-९, म्हणजे कर्मचाऱ्याला कामाचा हक्क असल्याची खात्री करणाऱ्या, अर्जांच्या तपासणीची सूचना आली की मालकाला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत ती कर्मचाऱ्यांना कळवावी लागते. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट आणि खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचे वॉरंट वेगळे असते. खात्याच्या वॉरंटच्या आधारे दुकानाच्या खासगी भागात शिरता येत नाही, तर दुकानाचा ग्राहकांसाठी खुला भाग मात्र कोणालाही खुला असतो. ही माहिती श्रमविषयक वकिलाकडून तपासून, एका पानावर, दोन्ही भाषांत गल्ल्यामागे लावण्याजोगी करून द्यावी. कोणा सभासदाच्या किंवा त्याच्या कामगारांच्या स्थितीची नोंद संघटनेने स्वतःकडे ठेवू नये. जी माहिती आपल्याजवळ नाही, ती कोणी मागूही शकत नाही.

राहिला आपला स्वतःचा प्रश्न. आपण हिस्पॅनिक नाही, ही अडचण नाही. भारतीय वंशाच्या व्यावसायिकांना एसबीएच्या वंचित गटांच्या यादीत १९८२ मध्ये स्थान मिळाले, तेही संघटनेने अर्ज करून आणि पाठपुरावा करून. त्याआधी ज्या समाजांनी ती वाट पाडली, त्यांत हिस्पॅनिक होते. पुढाकार घ्या, पण समितीचे अध्यक्षपद स्वतःकडे ठेवू नका. कार्यकारिणीच्या पुढच्या निवडणुकीत किमान दोन जागांसाठी बाजारपेठेतील मालकांची नावे आतापासून सुचवा, आणि त्या दोघांना बैठकीला येता यावे म्हणून बैठकीची वेळ आधी बदलून घ्या. अनुदानाच्या प्रस्तावावर येत्या बैठकीत सरळ विरोधी मत देण्याऐवजी तेवढीच रक्कम पहिल्या वर्षी भाडेकरारांच्या पत्रांसाठी, वकिलाच्या काही तासांसाठी आणि दुभाष्यासाठी वळवावी, अशी दुरुस्ती मांडा. ती मंजूर होण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण त्यात कोणाला ‘नाही’ म्हणावे लागत नाही.